आश्रय मागायचा तर कोणत्या दारात? विदर्भातल्या गावपातळीवरच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जंगलाच्या अंगाला, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तिथून खाली गडचिरोलीत उतरलं की चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं लागतात. नागपूरच्या जरीपटक्यात फाळणीच्या वेळचे सिंधी आहेत आणि त्यांच्याकडे सिंधमधून अलीकडे आलेले सोयरेही आहेत. तिन्ही ठिकाणची माणसं घरदार सोडून आलेली. तरी तिबेटी आजोबांकडे मुदतीनं नवं करावं लागणारं नोंदणी प्रमाणपत्र असतं, बंगाली कास्तकाराकडे सातबारा आणि मतदार ओळखपत्र असतं, तर सिंधी सोयऱ्याकडे दीर्घ मुदतीचा व्हिसा. एकाचा कागद दुसऱ्याच्या कामाचा नाही. तहसीलमध्ये किंवा पोलीस ठाण्यात या तिघांची सरमिसळ झाली की माणूस महिनोन्‌महिने चुकीच्या टेबलापुढे उभा राहतो.

तालुका विधी सेवा समितीत नव्यानं लागलेले विधी स्वयंसेवक, नवे वकील, शाळेतले गुरुजी, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य, अशा ज्यांच्याकडे कधीतरी कोणी येऊन म्हणेल की "मी माझ्या देशात परत जाऊ शकत नाही, काय करू?", त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. असा माणूस रोज येत नाही. म्हणूनच तो येतो तेव्हा कोणाला काही ठाऊक नसतं, आणि मग गावातला एखादा हुशार एजंट पुढे होतो.

आधी एवढं समजून घ्या

भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पुरवणी करारावर भारतानं सही केलेली नाही. त्यामुळे जर्मनीत किंवा कॅनडात जसं सरकारी कार्यालयात जाऊन आश्रयाचा अर्ज टाकतात, त्यावर सुनावणी होते आणि निकाल लागतो, तसं एकच दार आपल्याकडे नाही. कायद्याच्या नजरेत बाहेरून आलेला प्रत्येक जण आधी 'परकीय नागरिक' असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यासाठी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू आहे. त्यानं १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि सोबतचे आणखी तीन जुने कायदे रद्द केले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोटी कागदपत्रं वापरल्यास किमान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर एक ते दहा लाख रुपये दंड.

या दोन शिक्षा शेजारी ठेवून पाहा. कागद नसण्यापेक्षा खोटा कागद असणं जास्त महागात पडतं. आपल्या भागात नेमकं उलटं समजतात. "आधी आधार काढून घे, मग बघू" असा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो. ज्याचा आश्रयाचा दावा खरा आहे, त्याचा दावाही अशा आधारमुळे बुडतो. कारण पुढे मुलाखतीत त्याला भारतीय ठरवणारा तोच कागद त्याच्यासमोर ठेवला जातो.

पहिली पायरी: कहाणी नंतर, आधी तीन गोष्टी

समोरच्याचं दुःख ऐकायला बसलात की दिवस जातो आणि वहीत काही उतरत नाही. आधी तीन गोष्टी विचारा. कोणत्या देशाचा? भारतात कधी आला, कोणत्या वाटेनं? धर्म किंवा समुदाय कोणता? तिसरा प्रश्न विचारताना अवघडल्यासारखं होतं, मलाही होतं. पण सध्याच्या कायद्यात रस्ता त्यावरच ठरतो, म्हणून विचारावा लागतो.

उत्तरांवरून वाट ठरते. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं काम भारत सरकार स्वतः पाहतं. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांच्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि नागरिकत्वाची वाट आहे. म्यानमार, अफगाणिस्तानातले बाकीचे, सोमालिया, सुदान, इराण वगैरे देशांतल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्त कार्यालय आहे. सगळे त्याला यूएनएचसीआर म्हणतात. नेपाळी माणूस यातल्या कशातच बसत नाही आणि त्याला गरजही नाही. १९५० च्या भारत-नेपाळ तहामुळे तो इथे राहू शकतो, काम करू शकतो. तालुक्याच्या गावात रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या गुरख्याला कोणी 'निर्वासित कार्ड काढ' म्हणालं तर हसून सोडून द्या. श्रीलंकन तमिळांच्या छावण्या तमिळनाडूत आहेत, त्यांचा विषय इथे पुढे नेत नाही.

मुलचेरा-चामोर्शीतले बंगाली यांपैकी कोणत्याच वाटेवर नाहीत. ते किंवा त्यांचे आईवडील सरकारनंच पुनर्वसन करून आणलेले आहेत, बरेच जण रायपूरजवळच्या माना छावणीतून. त्यांना आश्रय मागायचा नाही. त्यांची अडचण जातीच्या दाखल्याची आहे. त्यांचा नामशूद्र समाज पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यांच्या घरी छावणीचं जुनं कार्ड, जमीन वाटपाचा आदेश असं काही पेटीत असेल तर त्याची स्कॅन प्रत करून ठेवायला सांगा. बाकी त्यांना 'तुम्ही बाहेरचे' म्हणणाऱ्याला पेटीतला तो आदेश वाचायला द्यावा.

दुसरी पायरी: माणूस आला आहे, याची नोंद

हे काम टाळलं जातं आणि त्यातूनच पुढे गुन्हे दाखल होतात. परदेशी माणूस तुमच्या घरी, लॉजवर, विहारात, धर्मशाळेत, होस्टेलवर राहिला, तर राहण्याची जागा देणाऱ्यानं चोवीस तासांच्या आत ऑनलाइन माहिती द्यायची असते. लोक त्याला अजून 'सी फॉर्म' म्हणतात. दवाखाना आणि शिक्षणसंस्था यांच्यावरही अशी जबाबदारी आहे. हा फॉर्म भरणं म्हणजे कोणाला पकडून देणं अशी समजूत गावात आहे. खरं तर नोंद असलेल्या माणसाला 'मी लपून बसलो नव्हतो' हे दाखवता येतं.

जिल्ह्यात परकीय नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. तिथे 'परकीय नागरिक नोंदणीचं टेबल कुठे?' असं सरळ विचारा. पासपोर्ट पडताळणीच्या रांगेत उभं राहू नका, ती वेगळी. बरीचशी कामं आता ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर होतात. पण नेट आणि भाषा या दोन्ही अडचणी असलेल्या माणसासोबत तुम्ही प्रत्यक्ष जाणं बरं. ठाण्यातल्या बिट अंमलदारानं हा विषय हाताळलेला असेलच असं नाही. त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा जिल्ह्याच्या कार्यालयाचा रस्ता धरा. जाण्याआधी मात्र वकिलाशी बोला, विशेषतः माणूस व्हिसाशिवाय आला असेल तर.

तिबेटी वाट

ही वाट जुनी आणि मळलेली आहे. नॉर्ग्येलिंगमधल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, तिथे सगळे त्याला 'आरसी' म्हणतात. पोलीस अधीक्षक कार्यालय ते देतं आणि मुदत संपण्याआधी ते नवं करून घ्यायचं असतं, साधारण पाच वर्षांनी. हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेरगावी जाणारे बरेच असतात. मुदत नेमकी त्याच काळात संपत असेल तर निघण्याआधीच अर्ज टाका, आणि बाजारात बसताना आरसी जवळ ठेवा. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या कव्हरचं आयडेंटिटी सर्टिफिकेट लागतं. निर्वासित तिबेटी प्रशासनाचं हिरवं पुस्तक हे त्यांच्या समाजातलं ओळखपत्र आहे. भारतीय कायद्यात ते आरसीची जागा घेत नाही.

नवा गोंधळ आहे तो नागरिकत्वाचा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला कोणीही जन्मानंच भारतीय नागरिक आहे, आईवडील कोणीही असोत. तिबेटी मुलांनाही हे लागू होतं, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये नामग्याल डोलकर प्रकरणात आणि पुन्हा २०१६ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे १९७५ साली वसाहतीत जन्मलेल्या बाईला पासपोर्टचा हक्क आहे. पण २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं अटी घातल्या: आरसी आणि आयडेंटिटी सर्टिफिकेट परत करा, नेमून दिलेल्या वसाहतीत राहत नसल्याचं आणि तिबेटी प्रशासनाचे लाभ घेत नसल्याचं लिहून द्या. म्हणजे हक्क आहे, पण घर सोडावं लागू शकतं. हा निर्णय त्या कुटुंबानं घ्यायचा. तुम्ही दोन्ही बाजू सांगा आणि 'पासपोर्ट काढाच' असा उत्साह दाखवू नका. दोन पिढ्यांनी घडवलेलं शेत आणि शेजार सोडायला लावणारी अट मला न्याय्य वाटत नाही, पण माझं मत तुमच्या अर्जदारावर लादू नका.

पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातले अल्पसंख्याक

इथे दोन तारखा आहेत आणि वर्तमानपत्रवाले त्यांची भेसळ करतात. ३१ डिसेंबर २०१४ ही नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातली तारीख आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी भारतात आलेल्यांनाच त्या कायद्याखाली नागरिकत्व मागता येतं. ३१ डिसेंबर २०२४ ही २०२५ च्या सूट आदेशातली तारीख आहे. धार्मिक छळामुळे तोपर्यंत आलेल्या याच समुदायांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळते, एवढंच. २०२० मध्ये आलेल्या माणसाला कोणी 'आता तू नागरिक झालास' असं सांगत असेल तर त्याला थांबवा.

२०१४ नंतर आलेल्यांनी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर लक्ष द्यावं. अर्ज ऑनलाइन असतो, पोलीस पडताळणी होते. तो मिळाला की खासगी नोकरी किंवा स्वतःचा धंदा करता येतो, मुलं शिकू शकतात, पॅन, वाहन परवाना आणि नियमांनुसार आधारही काढता येतं. या कागदाचं मोल एप्रिल २०२५ मध्ये कळलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले, पण पाकिस्तानी हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहिले. ज्यांनी नूतनीकरणाला आळस केला नव्हता ते निवांत होते.

२०१४ अखेरपर्यंत आलेल्यांचा नागरिकत्वाचा अर्ज ११ मार्च २०२४ च्या नियमांनुसार ऑनलाइन भरतात. गंमत अशी की जिल्हा समितीचे प्रमुख कलेक्टर नाहीत, डाकघर अधीक्षक आहेत. आपल्या लोकांना पोस्टात मनीऑर्डर, आरडी माहीत. नागरिकत्वाचा अर्ज तिथल्या साहेबापुढे जातो हे कोणाला पटत नाही. तेच मूळ कागद तपासतात, शपथ देतात आणि अर्ज पुढे राज्याच्या अधिकारप्राप्त समितीकडे पाठवतात. तिचे प्रमुख जनगणना संचालक.

कागद दोन प्रकारचे. एक, त्या देशाचा असल्याचा: पासपोर्ट मुदत संपलेला असला तरी चालतो, तिथला जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, किंवा आजोबा-पणजोबा तिथले होते असं दाखवणारा सरकारी दस्त. दुसरा, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्याचा: व्हिसाचा शिक्का, नोंदणी प्रमाणपत्र, रेशनकार्ड, वीजबिल, विमा पॉलिसी, शाळेचा दाखला असे वीस प्रकार यादीत दिले आहेत. वीसही लागत नाहीत, एक पुरतो. भाषा येत असल्याचं लिहून द्यावं लागतं, त्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा चालते, तेव्हा मराठी येणाऱ्यानं हिंदी किंवा सिंधीची चिंता करू नये. नावाच्या स्पेलिंगमधला फरक हा सगळ्यात मोठा अडसर. 'लछमण' आणि 'लक्ष्मण' एकच, हे तुम्हाला मला कळतं, संगणकाला कळत नाही. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा.

वैध पासपोर्टवर आलेल्यांना नागरिकत्व कायद्याच्या जुन्या कलमांखाली कलेक्टरकडेही जाता येतं. २०१६ च्या अधिसूचनेत ज्या जिल्ह्यांना हा अधिकार दिला, त्यांत नागपूर आहे.

यूएनएचसीआरची वाट: मुलाखतीला जाण्याआधी

आता सगळ्यात अवघड वाट. समजा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात व्हिसावर शिकायला आलेला मुलगा आहे. तो इथे असताना त्याच्या देशात सत्ता उलटली, वडील आधीच्या सरकारात अधिकारी होते म्हणून घरावर माणसं येऊन गेली. निघताना तो निर्वासित नव्हता, आज होऊ शकतो. पळून आलेलाच निर्वासित असतो असं नाही. इथे असताना तिकडे धोका निर्माण झाला तरी दावा करता येतो. पण व्हिसाची मुदत संपेपर्यंत वाट पाहायची नाही.

क्रम असा. यूएनएचसीआरचं मुख्य कार्यालय दिल्लीत आहे. फोन किंवा ईमेल करून नोंदणीसाठी वेळ मागायची, तारीख हातात आल्याशिवाय नागपूरहून दिल्लीची गाडी पकडायची नाही. नोंदणीच्या दिवशी कुटुंबातल्या सगळ्यांची नावं, फोटो, बोटांचे ठसे घेतात आणि अर्ज विचाराधीन असल्याचं प्रमाणपत्र देतात. मग निर्वासित दर्जा ठरवण्याची मुलाखत. ती काही महिन्यांनी येते, कधी वर्षही उलटतं. मान्य झालं तर निर्वासित कार्ड. नाकारलं तर कारणांसह पत्र, आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील. या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. दिल्लीत 'ओळख आहे' म्हणून पैसे मागणारा कोणीही असो, तो ठग.

मुलाखतीत काय पाहतात? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचा सदस्य असणं, या पाचपैकी एका कारणानं छळ होईल अशी रास्त भीती आहे का. गरिबी, दुष्काळ, कर्ज ही कारणं त्यात बसत नाहीत. विदर्भातल्या माणसाला हे कठोर वाटेल, कारण कर्जापायी माणूस संपतो हे आपण पाहिलंय. पण नियम असा आहे. अर्जदाराला ते आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर तो मुलाखतीत पोटापाण्याचीच गोष्ट सांगत बसतो आणि खरं कारण राहून जातं. गंभीर गुन्हा केलेल्याला किंवा हातात बंदूक घेऊन लढत असलेल्याला संरक्षण मिळत नाही.

तयारीसाठी त्याला एक साधी वही द्या. पहिल्या पानावर घरातली माणसं: नाव, वय, आता कुठे आहेत, हयात आहेत की नाहीत. पुढच्या पानांवर तारीखवार घटना. तारीख आठवत नसेल तर 'ईदच्या दोन दिवस आधी', 'धान कापणीच्या वेळी' असं चालतं; ओढूनताणून आकडा टाकू नये. मग प्रवास: कोणत्या गावातून, कोणत्या सीमेवरून, कोणी मदत केली, किती पैसे दिले. शेवटी दोन प्रश्नांची उत्तरं. परत गेलो तर नेमकं काय होईल? आणि आपल्याच देशात दुसऱ्या शहरात जाऊन का राहता आलं नसतं? या दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात.

नोंदणीच्या दिवशी सांगितलेलं आणि मुलाखतीत सांगितलेलं जुळतं का, हे अधिकारी ताडून पाहतात. नवरा-बायकोची मुलाखत वेगवेगळी होऊ शकते. म्हणून दोघांनी बसून एकच पाठ केलेली गोष्ट सांगणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. दोघांना एखादी घटना थोडी वेगळी आठवणं स्वाभाविक असतं आणि अधिकाऱ्याला ते माहीत असतं. वाढवून सांगितलेल्या एका प्रसंगामुळे खऱ्या दहा प्रसंगांवरचा विश्वास उडतो. एखादी गोष्ट आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणावं.

दुभाषी मिळतो. त्याची बोली कळत नसेल तर मुलाखत सुरू असतानाच सांगायचं, नंतर तक्रार करून फारसं होत नाही. बाईवर अत्याचार झाला असेल तर महिला अधिकारी आणि महिला दुभाषी मागता येतात. हे तिला एकटीला गाठून सांगा, नवऱ्यासमोर नको. सांगितलेली माहिती तिच्या देशाच्या दूतावासाला दिली जात नाही, हेही तिला सांगा. पुरावा म्हणून मारहाणीचे कागद, धमकीचे संदेश, फोटो, पक्षाचं ओळखपत्र, दवाखान्याचे कागद जे असेल ते न्यावं. काहीच नसेल तरी अर्ज थांबत नाही. पळताना फाईल घेऊन कोण निघतो?

या काळात त्याच्या देशाच्या दूतावासात जाऊन पासपोर्ट नवा करू नये. ज्या सरकारची भीती आहे असं सांगतो, त्याच्याच दारात मदत मागायला गेल्यासारखं होतं. आणि कोणी आधीच खोटं आधार काढून बसला असेल तर मुलाखतीपूर्वी वकिलाला सांगावं, लपवू नये.

एक दार सरकारकडेही आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीनुसार, जी २०१९ मध्ये सुधारली, निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्याची चौकशी नोंदणी अधिकाऱ्यानं करायची असते. दावा सकृतदर्शनी खरा वाटला तर सुरक्षा पडताळणीनंतर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस मंत्रालयाकडे जाते. या कार्यपद्धतीची प्रत सोबत ठेवा. जिल्ह्यात ती कधी उघडलेली नसण्याची शक्यता बरीच.

कार्ड हातात आल्यावर

यूएनएचसीआरचं कार्ड व्हिसा नाही आणि कामाचा परवानाही नाही. फक्त त्या कार्डावर आधार निघत नाही. रेशनकार्ड, मतदानाचा प्रश्नच येत नाही. 'कार्ड मिळालं की अमेरिकेला पाठवतात' ही अफवा दिल्लीपासून इथपर्यंत पोचलेली आहे. जगभरात दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी निर्वासितांना तिसऱ्या देशात नेलं जातं, आणि निवड तो देश करतो.

मिळतं काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपजिल्हा रुग्णालयात उपचार. शाळा: ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षण हक्क कायदा लागू आहे आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधार नसलेलं मूल सरल या विद्यार्थी नोंदीच्या ऑनलाइन प्रणालीत कसं भरायचं यावर मुख्याध्यापक कुरकुर करतील. त्यांना याच कायद्याचं कलम १४ दाखवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या.

पोलिसांनी उचललं तर

आधी ठाण्यात जाऊन यूएनएचसीआरचं प्रमाणपत्र किंवा कार्ड, सी फॉर्मची प्रत, जुना व्हिसा दाखवा, आणि जे दाखवलं त्याची पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. अटकेत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी तो भारतीय असावा लागत नाही. यूएनएचसीआरच्या दिल्ली कार्यालयालाही त्याच दिवशी कळवा.

न्यायालयाकडून काय अपेक्षा ठेवायची हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की राज्यघटनेच्या कलम २१ चं जीविताचं संरक्षण परकीयालाही आहे. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं हे मान्य करूनही परत न पाठवलं जाण्याचा हक्क फक्त नागरिकांना असलेल्या वास्तव्याच्या हक्काशी जोडला. ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय हद्दपार करू नका, एवढं सांगितलं. म्हणजे तुमच्या वकिलाच्या हातातलं मुख्य हत्यार 'प्रक्रिया' हेच आहे. राष्ट्रीयत्वाची पडताळणी झाली का, म्हणणं ऐकून घेतलं का, दुभाषी दिला का, हे तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे मांडू शकतो.

मूल जन्मलं तर

प्रक्रिया चालू असताना बाळ जन्मलं तर नोंद २१ दिवसांत करा, तोपर्यंत शुल्क नाही. दवाखान्यात जन्म झाला असेल तर तिथूनच होते, घरी झाला तर ग्रामसेवकाकडे. तीस दिवसांनंतर परवानगी लागते, वर्ष उलटलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश. आणि २०२५ पासून राज्यानं उशिराच्या नोंदींची तपासणी फार कडक केली आहे. आईबाप परकीय आहेत म्हणून ग्रामपंचायतीला जन्मनोंद नाकारता येत नाही. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात खरं तेच लिहायचं. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेलं मूल भारतीय ठरायला दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. तेव्हा या दाखल्यानं बाळाला नागरिकत्व मिळत नाही, पण त्याचा जन्म कुठे, कधी, कोणाच्या पोटी झाला हे पक्कं होतं. यूएनएचसीआरकडे त्याचं नाव कुटुंबाच्या फाईलमध्ये घालायला हाच दाखला लागतो, म्हणून दोन मूळ प्रती मागून घ्या.